जांभळी नखं

आपत्कालीन सराव संपला आणि डॉ. मृणालिनी धामणकर खोट्या रुग्णांच्या नखांवरचा जांभळा रंग स्पिरिटने पुसायला बसल्या. किरणोत्सर्ग-जीवशास्त्र संस्थेची ही दरवर्षीची पद्धत. संस्थेत सगळ्यांना दिलेली प्रतिबंधक लस घेतलेल्या माणसाला किरणोत्सर्गाची खरीच बाधा झाली, की तासाभरात त्याची नखं अशीच जांभळी पडत. तशी वेळ सुदैवाने अजून कुणावर आली नव्हती.

समोर कॅन्टीनचे वामनराव बसले होते. बाईंनी तीनदा बोळा घासला, तरी कापूस पांढराच राहिला.

"काका, कुठला रंग लावलात हो?"

"लावलाच कुठं, मॅडम? रंगवून घ्यायला वेळच मिळाला नाही, म्हणून तसाच रांगेत बसलो." वामनराव आपल्या बोटांकडे बघतच राहिले. "हे कधी झालं?"

बाईंनी बोळा खाली ठेवला. त्यांनी विचारलं, "सकाळपासून कुठं होतात?"

"इथंच की. या हॉलमध्ये सगळ्यांना चहा देत होतो."

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर इतरांचा रंग पुसणारी शर्वरी वैतागून ओरडली, "मॅडम, हे स्पिरिट बदला हो! कुणाचाच रंग निघत नाहीये."

बाईंनी स्वतःच्या हातमोज्यांकडे पाहिलं. ते काढायचा त्यांना धीर होईना.