सलाईनचं चाक

घशात नळी घातल्यामुळे आप्पांचं बोलणं बंद झालं होतं, डोळे मात्र टक्क उघडे होते. रक्तात भिनलेल्या जंतूंवर एकच औषध लागू पडत होतं. सिस्टर ते सलाईनमधून अगदी सावकाश सोडायच्या आणि जाताना दर वेळी बजावायच्या, "नळीवरच्या या चाकाला कुणी हात लावायचा नाही हं!"

पण आप्पांचा थोरला मुलगा पडला प्लंबर. थेंब थेंब येणारी बारीक धार दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. "बाटली एकदाची संपली की तुम्हाला निवांत झोप लागेल, आप्पा," असं म्हणत त्यानं चाक सैल सोडलं आणि सिस्टरची चाहूल लागताच पुन्हा होतं तसं करून ठेवलं.

बघता बघता आप्पांचा चेहरा, मान, छाती लालबुंद झाली. अंगाची नुसती आग आग व्हायला लागली. थोरल्यानं सिस्टरना फैलावर घेतलं. डॉक्टर धावत आले. त्यांनी बाटलीतून पडणारे थेंब निरखून पाहिले.

"इतकं हळू सोडूनही एवढा त्रास होतोय, म्हणजे हे औषध यांना सोसतच नाही. बंद करा. पुन्हा द्यायचं नाही."

"मग आता दुसरं कुठलं देऊ?" सिस्टरनी विचारलं. डॉक्टरांनी जंतूंच्या तपासणीचा कागद पुन्हा उलटून पाहिला; त्यावर दुसऱ्या औषधाचं नाव नव्हतं.

सगळा जीव एकवटून आप्पांनी बोट चाकाकडे नेलं.

 

थोरल्यानं ते बोट अलगद आपल्या मुठीत घेतलं. "घाबरू नका आप्पा, मी आहे ना!"