डोळ्यांखालचं जागरण

भाच्याने साहेबांचं तोंड काळं करायला घेतलं आणि साहेब उलट गोरेपान झाले.

ओला फोटो चिमट्यात धरून तो डार्करूममधून तणतणत आत्याच्या टेबलाशी आला. "हे बघ काय झालं! डोळ्यांखाली चांगली पेन्सिल घासली होती मी निगेटिव्हवर."

आत्याला हसू आवरेना. "अरे शहाण्या, निगेटिव्हवर काळं केलं की फोटोत उजळतं. माझ्या मांडीवर बसून बघायचास, आणि एवढंही ठाऊक नाही? फोटोत काळं हवं तर निगेटिव्ह पात्याने खरवडावी लागते."

"मग दे खरवडून. उद्या प्रदर्शन उघडायचंय."

प्रदर्शन होतं साहेबांच्या राजवटीत तुरुंगात खितपत पडलेल्या माणसांचं. त्यात भाच्याच्या बापाचा, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाचा चष्माही मांडलेला होता. साहेबांविरुद्ध एक भाषण केलं म्हणून त्याला घरातून उचलून नेलं होतं. परत आला तो खोकला घेऊनच, आणि त्या खोकल्यानेच गेला. आता दाराशी साहेबांचा मोठा फोटो लावायचा आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायला हवा, असं भाच्याने ठरवलं होतं. बापासाठी त्याला एवढं तरी करायचंच होतं.

आत्याने निगेटिव्ह खिडकीकडे धरली. फोटो सुधारायचं हे काम ती उभा जन्म याच तिरप्या टेबलावर करत आली होती. गावभरच्या नवऱ्या मुलींचे मुरूम इथेच गेले. ही कला ती शिकली मुलींच्या शाळेत, आणि ती शाळा काढली होती साहेबांनी. पोरींना घराबाहेर पाठवायचं म्हटलं की लोक तेव्हा नाकं मुरडायचे. भाऊ मात्र तिला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडायचा, चढ आला की खाली उतरवून तिलाच ढकलायला लावायचा, आणि वर "शिकलेल्या बाईला कष्टाची सवय हवी" म्हणायचा. काय दिवस होते ते!

तिने कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला. भाच्याची पेन्सिल पुसली. त्या रेघांखाली आत्याची स्वतःचीच जुनी पेन्सिल होती, मोठ्या निगुतीने फिरवलेली. तीही पुसली. हाच फोटो एके काळी कचेरी-कचेरीत लागला होता.

डार्करूममध्ये निगेटिव्हची छाप घेतलेला नवा कागद पाण्यासारख्या औषधात सोडला आणि दोघं वाकून बघत राहिली. हळूहळू साहेब वर आले. गालावर देवीचे वण. करवतीने कापल्यासारखे घट्ट ओठ. सुजलेल्या पापण्या आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"हाच तो!" भाचा ओरडला. "ओठ बघ कसे आहेत राक्षसाचे. आता ही वर्तुळं अजून थोडी खरवड, म्हणजे झालं."

आत्याने पातं उचललं. मग ते पुसून डबीत ठेवून दिलं.

"नाही."

"अजून त्याचीच बाजू घेतेस? बाबा असे हाल होऊन गेले तरी?"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या पाठचा भाऊ होता रे तो. मेले तरी त्या माणसाला माफ करायची नाही मी. ते ओठ लाव दाराशी, खुशाल लाव. त्याच ओठांनी हुकूम सोडला. पण डोळ्यांना मी हात लावणार नाही."

"का पण?"

"पूर ओसरला त्या सकाळी काढलेला फोटो आहे हा. वर्तमानपत्राला हवा होता, म्हणून चिखलाच्या पायांनी तसाच येऊन बसला होता इथे. स्टुडिओचे मालक म्हणाले, साहेब तरतरीत दिसले पाहिजेत. मी तरतरीत केलं."

भाच्याला हे पटलेलं दिसत नव्हतं.

"पुढे तुझ्या बापाच्या कोठडीसमोर भिंतीवर हाच फोटो टांगलेला होता," आत्या म्हणाली. "उठल्या-बसल्या त्याला तोच दिसायचा. सुटून आला, दारात टेकला, पाणी प्यायला आणि पहिलं माझ्यावरच चिडला. म्हणाला, 'ताई, त्याच्या डोळ्यांखालचं जागरण कशाला पुसलंस? पुराच्या रात्री लोकांना छपरांवरून उतरवताना होडीत माझ्या शेजारी तोच तर वल्हं मारत होता.'"