ग्रुबरसाहेबांचे वाक्य

“आजोबांनाच विचार,” माझा मुलगा लेकीला म्हणाला. “आख्खी नोकरी जर्मन प्रेसवर काढली त्यांनी. एक शब्द तरी शिकावा लागला का?” ऋजुताला शाळेत घेतलेले जर्मन विद्यापीठात पुढे शिकायचे होते, त्याला ती इंजिनिअर व्हायला हवी होती. निकाल माझ्यावर सोपवला गेला.

मी तांत्रिक शिक्षण घेतलेला माणूस. आधी चाचणी, मग निर्णय. पत्रा कापणारी ती अवजड प्रेस उभारायला जर्मनीहून आमच्या कारखान्यात आलेले ग्रुबरसाहेब रोज सकाळी तिच्यावर तळवा ठेवून एक वाक्य म्हणत आणि मगच बटण दाबत. यंत्र सुरू करण्याची तीच पद्धत असावी, असे समजून आम्ही ते पाठ केले. साहेब मायदेशी परतल्यावरही आमचे खाते ते म्हणत राहिले. अर्थ मात्र कुणालाच ठाऊक नव्हता.

“हं, सांग,” म्हणत मी जेवणाच्या टेबलावर तळवा टेकवला. “नीम हॉइटं काइनं हांट.”

“परत म्हणा. सावकाश.” तिने ऐकत एकेक शब्द जुळवला. “आजोबा, ही सूचना नाही, विनवणी आहे. ‘आज कुणाचा हात घेऊ नकोस.’”

साहेबांच्या डाव्या हाताला दोन बोटे नव्हती. वर्षभर आम्ही एकाच डब्यातले खाल्ले, ड्रॉइंगवर बोटे ठेवून बोललो. पण ते कसे झाले, हे विचारायला आमच्याजवळ शब्द नव्हते.

“मग निकाल काय?” मुलाने विचारले.

“घेऊ दे प्रवेश,” म्हणत मी नातीकडे वळलो. “‘अजून दुखतं का?’ हे त्यांच्या भाषेत कसं विचारतात गं?”