जुळवाजुळव

आई घर सोडून गेल्यापासून लेक बापाशी कामापुरतंच बोलायची. तिला गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता आणि बापाचं पंक्चरचं दुकान जेमतेम चालायचं. म्हणून सुटे भाग निवडून घरीच जोडायचं ठरलं.

मग रोज जेवताना दोघं एकाच मोबाइलवर डोकं खुपसून बसू लागली.

"बाबा, ग्राफिक्स कार्ड जुनं चालेल, पण प्रोसेसरवर काटकसर नको."

"मग पॉवर सप्लाय स्वस्तातला बघू?"

"काहीतरीच काय! एका झटक्यात सगळं जळेल!" ती हसून लोटपोट व्हायची.

बापाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी प्रत्येक दुकानातून तो तिला बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "एवढी घाई काय? अजून चार ठिकाणी विचारू."

शेवटी विचारायला ठिकाणंच उरली नाहीत. रविवारी दोघांनी मिळून स्क्रू पिळले, पडदा उजळला, लेक आनंदाने ओरडली.

आता रोज संध्याकाळी बाप तिच्या बंद दाराबाहेरून विचारतो, "काय गं, रॅम थोडी वाढवायची का?" आणि हेडफोन लावलेल्या लेकीला ते ऐकूच जात नाही.