सातवी पंगत

सोलापुरात बसून सिनेमाची परीक्षणं लिहिणाऱ्या युवराजनं वर्षातल्या दहा उत्तम सिनेमांची यादी वेबसाइटवर टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे होणारे सासरे बिभीषणमामा मोडनिंबहून थेट दारात हजर. मामांच्या पाळलेल्या एडक्यानं काम केलेला सिनेमा यादीत सातवा होता. साखरपुडा रविवारी होता.

"जावईबापू, आमच्या एडक्याला सातव्या पंगतीला बसवलं व्हय?"

"मामा, एडक्याचं काम झकासच झालंय," युवराज घाईघाईनं म्हणाला. "काय ते डोळे, काय ती ऐट! दोनदा बघितला मी, खास त्याच्यासाठी. पण सिनेमा उत्तरार्धात जरा रेंगाळतो."

"ते तुमचं तुमी बगा. आमच्यात सोयऱ्याचा मान पयल्या पंगतीला असतोय."

युवराजनं मनातल्या मनात अख्ख्या जागतिक सिनेमाची माफी मागितली आणि तिथल्या तिथं मोबाईल काढून सातवा सिनेमा पहिल्या नंबरावर नेऊन बसवला. मामांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तेव्हा कुठं चहाला हात लावला. बशीतला शेवटचा घोट संपवून ते उठले, पायताण घातलं आणि उंबऱ्यावरच वळले.

"आमच्या पूनमला सांगतो, नवरा चांगला हाय. सोयऱ्याचा मान राखतोय. फकस्त त्याच्या बोलण्यावर लई इस्वास ठेवू नगंस."

"का हो मामा?"

"सिनेमात एडका हायच कुटं? त्याचा सीन त्यांनी कवाच कापलाय की!"