मेढीचा खड्डा

"थांब रे, थांब! किसनरावले येऊ दे आधी."

परवेजनं उचललेली ड्रिल मशीन पुन्हा खाली टेकवली. तो बिछायतवाला, मांडव टाकायला आलेला. जांभळाच्या डहाळ्या बांधलेली मेढ, मांडवाचा पहिला खांब, भिंतीला उभी होती. माणिकबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन ओट्यावर ताटकळली होती. आणि तिचा नवरा शेषराव, म्हणजे नवरीचा बाप, गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून बसला होता.

"काकाजी, मशीन कायले पायजे?" परवेज पहारीकडे बोट दाखवत म्हणाला. "सबलीनं होते हे काम."

"सबलीनं?" शेषराव भडकला. "सिमेंटचा रस्ता हाये बापा हा, वावर नाही. किसनरावच्या मांडवाले तूच होता नं? तिथं सकाळभर चालली का नाही मशीन?"

"चालली," परवेज म्हणाला आणि खाली मान घालून वायरचा गुंता सोडवू लागला.

किसनराव पुढच्या गल्लीतला. दोघांचीही वलगावला फुलशेती, अमरावतीच्या फुलबाजारात दोघांची दुकानं शेजारीशेजारी. झेंडू मात्र किसनरावचा आधी विकला जायचा. बोअरला पाणीही किसनरावच्याच आधी लागलं. इतपत शेषरावनं गिळलं होतं. पण गेल्या वर्षी नगरसेवकाच्या निधीतून किसनरावच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, आणि त्याच रस्त्यावर त्याच्या पोराचा मांडव पडला. मेढीचा खड्डा पाडायला मशीन सकाळभर घरघरत होती. शेषराव आपल्या गच्चीवर उभा राहून ऐकत होता. लग्नात नवरी कशी आहे हे कोणी बोललं नाही. जो तो म्हणे, रस्ता म्हणावा तर असा!

रस्ता सरकारी, पैसा सरकारी आणि मिरवणार किसनराव. शेषरावच्या छातीत खरोखरच जळजळ झाली. माणिकबाईनं सोडा पाजला, पण ही जळजळ सोड्यानं जाणारी नव्हती.

मग तो नगरसेवकाच्या दारात ठाण मांडून बसू लागला. पोरीचं, आचलचं लग्न ठरलंय, वरात काय चिखलातून आणू? शेवटी निधी मिळाला. पण किती, तर किसनरावच्या गल्लीला मिळाला होता तेवढाच. बरोबरी झाली, पण मन काही निवेना. त्यानं ठेकेदाराला गाठलं.

"रस्ता किसनच्या रस्त्यापेक्षा लांब पायजे. अन् रुंद बी."

"निधी तेवढाच हाये, भाऊ."

"ते मले नका सांगू. मोठा दिसला पायजे."

"दिसन," ठेकेदार हसून म्हणाला.

तो इतक्या चटकन हो कसा म्हणाला, याचं शेषरावला नवल वाटायला हवं होतं. पण जळणाऱ्या माणसाला नवल करायला फुरसत कुठली? रस्ता झाला. शेवंतीच्या वाफ्याला मारलं नसेल इतकं पाणी त्यानं त्या सिमेंटला मारलं. नांदगाव पेठेहून सोयरे आले, तर आधी रस्ता दाखवला आणि मग चहा दिला. आणि आजच्या दिवसासाठी शहरातली सगळ्यात मोठी मशीन मागवली.

किसनराव आला एकदाचा. धुवट टोपी, तोंडात सुपारी, चालणं सावकाश. मागच्या गल्लीतले नत्थुजी आपल्या गच्चीवर ब्रश तोंडात धरून उभेच होते. त्यांच्या गल्लीत अजून गिट्टीसुद्धा पडली नव्हती. शेषरावनं दोघांनाही नजरेत धरलं. आता ऐका म्हणावं लेकहो.

"हं परवेज, लाव!"

मशीन गरजली. शेषरावनं छाती काढली. तेवढ्यात भस्सकन आवाज झाला आणि परवेज मशीनसकट पुढे कलंडला. टोक मुठीपर्यंत आत गेलं होतं. सिमेंटची एक खपली उडून शेषरावच्या पायाशी पडली. जेमतेम भाकरीएवढी जाड. भोकातून काळी माती वर आली, ओलसर, थेट त्याच्या वलगावच्या वावरातल्यासारखी.

परवेजनं तोल सावरला. मशीन आत तशीच घरघरत राहिली, नुसत्या मातीत.

शेषराव त्या खपलीकडे बघत राहिला. लेकीच्या मांडवात, साऱ्या गल्लीसमोर आणि तेही किसनच्या डोळ्यांदेखत! आता हा हसणार. उद्या फुलबाजारात टाळ्या देऊन सांगणार. त्याला वर बघवेना.

किसनराव पुढे आला. खाली बसला. वर आलेली माती त्यानं हातानं सारवल्यासारखी बाजूला केली, खपली उचलून खिशात टाकली आणि शेषरावच्या कानाला लागला.

"माह्या रस्त्याले बी येवढंच सिमेंट निघालं होतं."

शेषरावला वाटलं, मशीनच्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं. "मंग सकाळभर काय फोडत होता?"

"काहीच नाही. नुसती चालू ठेवली." किसनरावनं सुपारी दुसऱ्या गालात घेतली. "तू गच्चीवरून पाहून राहिला होता नं."

शेषरावनं परवेजकडे पाहिलं. परवेजची मान पुन्हा खाली गेली होती. त्याचा अंगठा मशीन बंद करायला बटनाकडे सरकत होता.

शेषरावनं वर पाहिलं. नत्थुजी कठड्यावर अर्धे वाकले होते. तोंडातला फेस हनुवटीवर आला होता, पण पुसायचं भान नव्हतं. कुणाच्या तरी छातीत जळजळ सुरू झाली की चेहरा कसा दिसतो, हे शेषरावला चांगलं ठाऊक होतं.

"बंद नको करू, परवेज," तो म्हणाला. "किसनची सकाळभर चालली नं? आपली दुपारपरेंत चालू दे."