हाकेला ओ

हाफ-टर्मच्या सुट्टीत मालविका आणि परीक्षित आठ वर्षांच्या अन्वीला घेऊन बर्मिंगहॅमबाहेरच्या एका फार्मवर भोपळे निवडायला गेले. भोपळे गाडीत टाकून होतात न होतात तोच अन्वी मक्याच्या भूलभुलैयात घुसली आणि दिसेनाशी झाली. परीक्षित एका वाटेने तिला शोधायला गेला, मालविका दुसऱ्या वाटेने. डोक्याच्या वर गेलेला वाळका मका सळसळत होता आणि ऊनही उतरायला लागलं होतं.

"अन्वी! कुठे आहेस गं?"

"इकडे आहे, आई!" मक्याच्या पलीकडून ओ आली.

मालविकाला हसूच फुटलं. जन्मापासून लेकीशी मराठीत बोलून बोलून तिच्या घशाला कोरड पडली होती, पण पोरगी उत्तर द्यायची ते इंग्लिशमध्येच, अगदी आजीलासुद्धा. आज घाबरली तर कशी बरोबर मराठी आठवली!

"आले हं, राजा. तिथेच थांब."

"लवकर ये ना गं. मला इथे एकटीला करमत नाही."

शब्द न् शब्द कसा स्वच्छ! भरून आलेले डोळे पुसत मालविका त्या आवाजामागे आत आत जात राहिली. तेवढ्यात परीक्षितचा फोन आला. उचलला, तर पलीकडे अन्वी होती.

"मम, व्हेअर आर यू? आय अ‍ॅम इन द कार विथ डॅड!"

 

मक्यातून एक गार, इवलासा हात आला आणि त्याने मालविकाचं बोट घट्ट धरलं. "चल ना, आई."